महाविद्यालयीन मानसशास्त्राचे अध्यापन : व्यवसायाचे स्वरूप आणि मर्यादा

प्रस्तावना

महाविद्यालयात मानसशास्त्र शिकविणाऱ्या व्यक्तीस समाजात एक प्रश्न हमखास विचारला जातो. लग्नसमारंभात, रेल्वेच्या डब्यात, क्वचित प्राध्यापक-कक्षातही ओळख होताच समोरची व्यक्ती हसून म्हणते, 'म्हणजे आता आमच्या मनात काय चालले आहे ते तुम्हाला कळत असेल!' अर्थशास्त्राच्या प्राध्यापकास कोणी आपले घरगुती अंदाजपत्रक तपासायला सांगत नाही. मानसशास्त्राच्या अध्यापकाकडून मात्र विषयज्ञानाबरोबरच मन जाणण्याची आणि ते सावरण्याची अपेक्षा गृहीत धरली जाते. या व्यवसायाचे वेगळेपण आणि त्यातील अडचणी या अपेक्षेत मोठ्या प्रमाणावर सामावलेल्या आहेत. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील महाविद्यालये डोळ्यांसमोर ठेवून या व्यवसायाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

विषयाची जडणघडण

इतिहासाकडे पाहिले तर ही अपेक्षा विषयाच्या उगमाशी जुळत नाही. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइप्झिग येथे प्रयोगशाळा स्थापन केली आणि तेव्हापासून मानसशास्त्र तत्त्वज्ञानापासून वेगळे झाले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. भारतात १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्याची धुरा सांभाळणारे नरेंद्रनाथ सेनगुप्त हे हार्वर्ड येथे ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्या हाताखाली शिकून आले होते. म्हणजे भारतीय विद्यापीठांत हा विषय आला तो प्रयोगशाळेच्या वाटेने. पुणे विद्यापीठात प्रा. वि. कृ. कोठूरकर यांनी ज्या विभागाचे नेतृत्व केले, त्याच्या नावातही 'प्रायोगिक' हे विशेषण होते. प्रतिक्रियाकाल मोजणे, अवधानाचा विस्तार ठरविणे, निरर्थक शब्दांची यादी पाठ करवून विस्मरणाचा वक्र काढणे, ही या परंपरेची कामे होत.

महाराष्ट्रात विषयाचा दुसरा प्रवाह उपयोजनाचा आहे. डॉ. वि. वि. कामत यांनी धारवाड येथे बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीचे मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी रूपांतर केले. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञानप्रबोधिनीची स्थापना केली, तीही मानसशास्त्राच्या अभ्यासातून बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाकडे वळलेल्या विचारातून. पुढे १९९० मध्ये ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू झाली. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी पुस्तकांतून आणि व्याख्यानांतून सामान्य वाचकांपर्यंत पोहोचली. त्यामुळे प्रथम वर्षाच्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याने पाव्हलॉव्ह किंवा वुंट ही नावे ऐकलेली नसली, तरी 'मानसशास्त्र म्हणजे समुपदेशन' हे समीकरण तो घरूनच घेऊन येतो. पहिल्या सत्रात त्याच्यापुढे चेतापेशी, चेतासंधी आणि संख्याशास्त्रातील मध्यमान ठेवले की त्याच्या चेहऱ्यावर जो अपेक्षाभंग दिसतो, तो दर वर्षी जूनच्या अखेरीस प्रत्येक अध्यापकास नव्याने पाहावा लागतो.

परिभाषेचा प्रश्न

मराठी माध्यमातून हा विषय शिकविणाऱ्यास परिभाषेची जी अडचण येते, तिची चर्चा फारशी होत नाही. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने मानसशास्त्राचा परिभाषा कोश तयार केलेला आहे. विद्यापीठीय पाठ्यपुस्तकांनीही बरीच परिभाषा रुळविली आहे. परंतु स्पर्धा परीक्षा आणि पात्रता परीक्षांची तयारी करणारा विद्यार्थी हिंदी पुस्तकांकडे वळतो. तेथे त्याची गफलत होते, कारण दोन्ही भाषांतील शब्द एकसारखे दिसत असले तरी अर्थाने वेगळे असतात. ज्ञानेंद्रियांकडून मिळालेल्या माहितीला अर्थ देण्याच्या प्रक्रियेस मराठी पाठ्यपुस्तके 'संवेदन' म्हणतात. हिंदीत 'संवेदना' म्हणजे त्याआधीची, केवळ ज्ञानेंद्रियाच्या पातळीवरील प्रक्रिया, जिला मराठीत 'वेदन' म्हणतात. मराठीतील 'अध्ययन' हिंदीत 'अधिगम' होते आणि हिंदीतील 'अध्ययन' म्हणजे नुसता अभ्यास. वर्गात ही दोन-तीन उदाहरणे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून दाखविली तर अर्ध्या तासात जे साधते, ते अनेकदा वर्षभर साधत नाही.

शब्द समजला म्हणजे संकल्पना समजली असेही नाही. 'ऋण प्रबलन' ही संज्ञा याचे ठळक उदाहरण होय. 'ऋण' हा शब्द दिसताच विद्यार्थी त्याचा अर्थ शिक्षा असा करतो आणि उत्तरपत्रिकेत छडीचे उदाहरण देतो. वस्तुतः प्रबलन, मग ते धन असो वा ऋण, वर्तनाची शक्यता वाढविते; शिक्षा ती कमी करते. डोके दुखत असता बाम चोळला, दुखणे थांबले, म्हणून पुढच्या वेळी हात आपोआप बामच्या बाटलीकडे गेला. येथे अप्रिय गोष्ट दूर झाल्यामुळे वर्तन दृढ झाले, हे ऋण प्रबलन. असे घरातले उदाहरण मिळाले की संकल्पना पक्की होते. अमेरिकी पाठ्यपुस्तकातील उदाहरणांचे भाषांतर करून ते काम होत नाही, कारण विद्यार्थ्याला आधी उदाहरण समजून घ्यावे लागते आणि मग संकल्पना.

प्रात्यक्षिकांचे वास्तव

कला शाखेत असूनही प्रयोगशाळा असलेल्या मोजक्या विषयांत मानसशास्त्राची गणना होते. आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरविणे, म्यूलर-लायर भ्रमाचे मापन, रंग आणि शब्द यांतील विसंगतीचा स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये मांडलेला प्रयोग, रेव्हन यांची आकृतिबंधांची कसोटी, समायोजन आणि चिंता यांच्या प्रश्नावल्या अशी प्रात्यक्षिकांची यादी पिढ्यान्‌पिढ्या थोड्याफार फरकाने तीच राहिली आहे. यात वाईट काही नाही. आरशातील तारा गिरविताना स्वतःचाच हात आपले ऐकत नाही, हा अनुभव घेतलेला विद्यार्थी अध्ययन-संक्रमणाची संकल्पना विसरत नाही. वाईट आहे ते जर्नल पूर्ण करण्याच्या घाईत. एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये मांडलेला विस्मरणाचा वक्र काही विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्ये स्वतः एबिंगहाउस यांच्या वक्राहूनही नितळ उतरतो. प्रदत्त आदल्या रात्री घरी बसून तयार झाले आहे हे अनुभवी अध्यापकास लगेच कळते. तरीही परीक्षेच्या तोंडावर सही द्यावीच लागते. या एका सहीत विषयाच्या वैज्ञानिकतेचे जेवढे नुकसान होते, तेवढे बाहेरच्या कोणत्याही टीकेने होत नाही.

कसोट्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. अनेक विभागांत मूळ संच एकच असतो आणि प्रश्नावल्या छायाप्रतींवर चालतात. कसोटीची मानके कोणत्या काळातील आणि कोणत्या लोकसमूहावरून काढली आहेत, हे जर्नलमध्ये एका ओळीत लिहिले जाते आणि विसरले जाते. बुद्धिगुणांकाची सरासरी पिढीगणिक वाढत गेल्याचे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिल्यानंतर जुन्या मानकांवरून काढलेल्या गुणांकाचा अर्थ काय, हा प्रश्न प्रात्यक्षिकाच्या तासालाच विचारला गेला पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या कसोट्या विद्यार्थी एकमेकांवर करतात. ज्याच्या चिंतेचा गुणांक 'अतिउच्च' या रकान्यात पडला, त्याचे नाव शेजारच्या बाकावर बसलेल्याला ठाऊक असते. जर्नलमध्ये प्रयुक्ताचे नाव न लिहिता केवळ सांकेतिक अक्षरे लिहिणे, गुणांकाचा अर्थ अध्यापकाने एकट्यास बोलावून सांगणे आणि इच्छा नसलेल्यास प्रयुक्त होण्यापासून सूट देणे या तीन गोष्टींना खर्च येत नाही. तरीही त्या सर्वत्र पाळल्या जातात असे म्हणता येत नाही.

बदलते ज्ञान आणि न बदलणारी प्रश्नपत्रिका

मानसशास्त्राच्या अध्यापकाने एकदा काढलेल्या टिपणांवर तीस वर्षे काढणे शक्य नाही. अपसामान्य मानसशास्त्र शिकविणाऱ्याचे निदानसूत्रच बदलत गेले : अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या नियमावलीची चौथी आवृत्ती १९९४ मध्ये, पाचवी २०१३ मध्ये आणि तिची सुधारित संहिता २०२२ मध्ये आली, जागतिक आरोग्य संघटनेचे अकरावे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. समलैंगिकता विकृतींच्या यादीतून वगळण्याचा निर्णय अमेरिकेत १९७३ मध्ये झाला. भारतात प्रौढांमधील सहमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी. या दोन तारखांच्या मध्ये कित्येक वर्गांत हे प्रकरण कसे शिकविले गेले असेल, याचा विचार अस्वस्थ करणारा आहे. कारण त्या वर्गांतील काही विद्यार्थ्यांना ते स्वतःविषयीचे वर्णन म्हणून ऐकावे लागले.

सामाजिक मानसशास्त्रातही अनेक प्रसिद्ध कथा डळमळीत झाल्या आहेत. १९६४ मध्ये न्यूयॉर्क येथे किटी जिनोव्हीज या तरुणीची हत्या अडतीस साक्षीदारांनी निष्क्रियपणे पाहिली, ही हकीकत पाठ्यपुस्तकांतून वर्षानुवर्षे सांगितली गेली. उपलब्ध पुराव्यांशी ती जुळत नाही, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनपर लेखात साधार दाखविण्यात आले. १९७१ च्या स्टॅनफर्ड तुरुंग-प्रयोगातील पहारेकऱ्यांना वर्तनाविषयी सूचना दिल्या गेल्याचे नंतर उघड झाले. २०१५ मध्ये शंभर प्रसिद्ध अभ्यासांची पुनरावृत्ती करणाऱ्या एका मोठ्या प्रकल्पात केवळ ३६ टक्के अभ्यासांचे निष्कर्ष संख्याशास्त्रीय दृष्ट्या पुन्हा सार्थ आढळले. अशा वेळी अध्यापकापुढे खरा पेच उभा राहतो. नवे संशोधन सांगावे तर उत्तरपत्रिका तपासणारा दुसऱ्या महाविद्यालयातील परीक्षक नमुना-उत्तराशी ताडून पाहणार. जुनेच सांगावे तर आपण चुकीचे शिकवितो हे माहीत असते. बहुतेक जण दोन्ही सांगतात आणि 'परीक्षेत पहिले लिहा' अशी पुस्ती जोडतात. ही तडजोड व्यवहार्य असली, तरी विज्ञानात सत्य कसे ठरते याविषयी ती विद्यार्थ्यास नेमका उलटा धडा देते.

याच संदर्भात भारतीय संशोधनाच्या स्थानाचाही उल्लेख आवश्यक आहे. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर पसरलेल्या अफवांचा अभ्यास जमुना प्रसाद यांनी केला होता. ज्या भागात धक्के जाणवले पण हानी झाली नाही, तेथे याहूनही भयंकर आपत्ती येणार अशा अफवा जोरात होत्या. वरवर पाहता भीती वाढविणाऱ्या या अफवा प्रत्यक्षात आधीच वाटत असलेल्या भीतीचे समर्थन करीत होत्या, हा अर्थ लिऑन फेस्टिंगर यांनी लावला आणि १९५७ मध्ये बोधात्मक विसंवादाचा सिद्धांत मांडताना या अभ्यासाचा आधार घेतला. फेस्टिंगर यांचे नाव प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असते, जमुना प्रसाद यांचे क्वचितच कोणास. अभ्यासक्रमात 'भारतीय मानसशास्त्र' या शीर्षकाचे प्रकरण घालण्यापेक्षा जेथे भारतीय संशोधन मुळातच आहे तेथे ते दाखविणे अधिक उपयुक्त ठरेल.

प्रवेशाची वाट

या व्यवसायात येण्याची औपचारिक वाट सर्वपरिचित असल्याने तिचा विस्तार येथे अनावश्यक आहे. पदव्युत्तर पदवीस ५५ टक्के गुण, त्यानंतर राष्ट्रीय पात्रता परीक्षा किंवा महाराष्ट्र व गोवा राज्यांसाठी पुणे विद्यापीठामार्फत घेतली जाणारी सेट परीक्षा हा तिचा क्रम आहे. जुलै २०२३ च्या दुरुस्तीनुसार सहायक प्राध्यापक पदाच्या थेट भरतीसाठी या परीक्षा किमान अर्हता ठरल्या असून पीएच.डी. ऐच्छिक झाली आहे. सातव्या वेतन आयोगानुसार या पदाचे प्रारंभिक मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे.

परंतु पात्रता मिळणे आणि पद मिळणे यांत अनेकांची उमेदीची वर्षे जातात. या काळात तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकास घेतलेल्या तासांपुरते मानधन मिळते. सुट्टीत ते थांबते. पुष्कळदा एकाच दिवशी दोन गावांतील दोन महाविद्यालये त्याला गाठावी लागतात. मानसशास्त्राच्या बाबतीत याचा एक विशेष परिणाम होतो. विद्यार्थी ज्या व्यक्तीजवळ मन मोकळे करतो, ती पुढच्या सत्रात तेथे असेलच असे नाही. शिवाय बहुसंख्य ग्रामीण महाविद्यालयांत हा विभाग एकखांबी असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्यास सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन करावयाचे असते. एकट्याने तिन्ही वर्षांचे पाठ, प्रात्यक्षिके, अंतर्गत मूल्यमापन आणि विभागाची सर्व कागदपत्रे सांभाळताना हा आकडा कागदावर राहतो. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आलेल्या नव्या रचनेत मुख्य आणि दुय्यम विषयांच्या निवडीवर विभागाचे भवितव्य अवलंबून राहू लागले आहे. परिणामी जुलै महिन्यात प्राध्यापकांना विद्यार्थ्यांच्या घरी फोन करण्याचेही काम असते.

संशोधनलेखनाच्या सक्तीविषयी येथे एवढेच नोंदवावे, की २०१० च्या विनियमांनी आणलेल्या गुणांकनपद्धतीतून जी नियतकालिके उदंड झाली, त्यांना आळा घालण्यासाठी केअर सूची आली आणि २०२५ मध्ये तीही बंद झाली. मधल्या काळात किती प्रश्नावल्या भरून घेतल्या गेल्या आणि किती 'टी' मूल्ये काढली गेली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

तासानंतर थांबणारा विद्यार्थी

या व्यवसायातील सर्वांत कठीण प्रसंग पाठ संपल्यानंतर येतो. नैराश्याची लक्षणे शिकवून झाली आहेत, वर्ग रिकामा होतो आणि एखादी विद्यार्थिनी वही छातीशी धरून थांबते. 'मॅडम, पाच मिनिटे बोलायचे होते.' फळ्यावरील यादीतील सहा लक्षणे तिने स्वतःत मोजलेली असतात. विषय शिकताना प्रत्येक विकार आपल्यालाच झाला आहे असे वाटणे हा वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्येही आढळणारा अनुभव आहे. त्यामुळे यातील काही विद्यार्थ्यांना केवळ दिलासा आणि स्पष्टीकरण पुरते. परंतु काहींची मोजदाद खरी असते. ते वेगळे ओळखायचे कसे, आणि ओळखल्यावर काय करायचे, याचे प्रशिक्षण एम. ए. च्या अभ्यासक्रमात बहुधा नसते.

कायद्याच्या दृष्टीनेही येथे सीमारेषा आहेत. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमानुसार चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी परिषदेकडे नोंदणी लागते. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांविषयीच्या अधिनियमाने अन्य मानसशास्त्रज्ञांनाही आपल्या कक्षेत घेतले आहे. केवळ एम. ए. आणि सेट उत्तीर्ण असलेला प्राध्यापक निदान करण्यास किंवा उपचार करण्यास अधिकृत नाही. तरीही महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या अहवालात 'समुपदेशन कक्ष' दाखवावयाचा असला की दारावर पाटी लागते ती त्याच्याच नावाची. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निर्णयात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले. या निर्देशाची पूर्तता मानसशास्त्र विभागाकडे एक पत्र पाठवून करण्याचा मोह प्राचार्यांना होणे स्वाभाविक आहे. तो टाळला पाहिजे, आणि त्याचे कारण केवळ कामाचा भार हे नाही.

मुख्य अडचण दुहेरी नात्याची आहे. जो अध्यापक विद्यार्थ्याचे अंतर्गत गुण देतो, हजेरी मांडतो, पुढे शिफारसपत्र लिहितो, त्याच्यापुढे विद्यार्थी मोकळेपणाने बोलू शकत नाही. बोलला तर नंतर पस्तावतो. घरातील मारहाण, प्रेमसंबंध, व्यसन यांविषयी काल सांगितलेले आज पहिल्या बाकावर बसून विसरता येत नाही. कमी गुण पडले तर त्याचे कारण तो त्या बोलण्यात शोधतो. अध्यापकाच्या बाजूनेही तेच घडते. ज्याची कहाणी ऐकली त्याला नापास करताना लेखणी अडखळते. समुपदेशनाच्या व्यावसायिक आचारसंहिता अशा दुहेरी नात्यापासून दूर राहण्यास सांगतात. महाविद्यालयाची रचना मात्र ते नाते मुद्दाम निर्माण करते.

गोपनीयतेच्या मर्यादाही विद्यार्थ्यास आरंभीच सांगितल्या पाहिजेत. 'हे कोणालाही सांगणार नाही' असे वचन सहृदयतेने दिले जाते, परंतु ते पाळता येईलच असे नाही. कनिष्ठ महाविद्यालयातील आणि प्रथम वर्षातील काही विद्यार्थी अठरा वर्षांखालील असतात. त्यांच्यावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या पॉक्सो अधिनियमानुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. जीवाला धोका असेल तेव्हाही मौन पाळता येत नाही. आत्महत्येचा विचार मनात येतो का, असे सरळ विचारल्याने तो विचार बळावतो ही समजूत संशोधनाने खरी ठरलेली नाही. म्हणून शंका आली तर अध्यापकाने शांतपणे विचारावे, विद्यार्थ्यास एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी योग्य ठिकाणी पोहोचवावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, हे पालकांना आणि कार्यालयातील कर्मचाऱ्यांनाही सांगावे लागते, कारण पोलिसांच्या भीतीने असे प्रसंग दडपले जातात.

यासाठी लागणारी सामग्री मोठी नाही. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाची बाह्यरुग्ण तपासणी कोणत्या वारी असते, तेथे कोणास भेटावे, जवळचे नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ कोण, आणि ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक, एवढे एका कागदावर लिहून विभागात, ग्रंथालयात आणि वसतिगृहात लावता येते. एका महाविद्यालयास स्वतंत्र समुपदेशक परवडत नसेल तर तालुक्यातील दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून एकाची नेमणूक करावी. आठवड्यातील ठरलेल्या वारी तो प्रत्येक ठिकाणी यावा आणि त्याचा विद्यार्थ्यांच्या गुणांशी कोणताही संबंध नसावा. मानसशास्त्राच्या अध्यापकाने तासानंतर थांबलेल्या विद्यार्थिनीचे ऐकून घ्यावे, तिची मोजदाद फेटाळू नये, पक्कीही करू नये, आणि तिची हरकत नसल्यास पहिल्या भेटीस तिच्यासोबत त्या खोलीच्या दारापर्यंत जावे. त्यानंतर तिने आत काय सांगितले, हे त्याने विचारू नये.